तीन चाव्यांचं कुलूप

ह्यांचं वर्षश्राद्ध आटपून गावाहून परत आले, तर घराच्या कुलपानं मला ओळखच दाखवली नाही.

चावी निम्मी आत गेली आणि थांबली. मी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला, चावी उलटी तर नाही ना ते बघितलं, पुन्हा घातली. तेवढीच गेली. अमळनेरकडून सुरतेपर्यंत गाडीत बसून अंग आंबलेलं, पुढे वापी, वापीहून रिक्षा. पायरीवरच बसले. आत दिवा लावणारं कोणी नाही हे वर्षभरात अंगवळणी पडलं होतं. पण आता आत जायचीही सोय नव्हती.

शेजारीण बाहेर आली. गुजराती आहे, दोन शाळकरी मुली आहेत तिला. सहा वर्षांपूर्वी टोकरखाड्यात आमच्या घरांच्या ओळीत राहायला आली. मराठी बोलते, पण मधे मधे आपलं गुजराती घालून. "काकी, आवी गया? शुं थयुं?" तिनंही चावी घालून बघितली. नाही गेली. मग सहज म्हणाली, "तुम्ही नव्हते ना, तेव्हा एक माणूस आलेला. बँकवाला असेल. दाराशी बराच वेळ खडखड केली. मी बाहेर येऊन सांगितलं, कोई नथी, काकी गावाला गेल्यात."

"बरं," मी म्हटलं. हे गेल्यापासून बँकेचा, विम्याचा, कोणी ना कोणी येतच असे. पुढचे आठदहा दिवस त्या माणसाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. हे लिहायला नको वाटतं, पण नाही आला, हे खरंच आहे.

तिच्या नवऱ्यानं कोपऱ्यावरचा वेल्डर बोलावला. मागच्या दाराला आतून कडी, खिडक्यांना गज, मग दुसरा रस्ताच नव्हता. त्यानं दार आणि चौकट ह्यांच्या फटीतून ग्राइंडर घातला आणि कुलपाची जीभ कापली. ठिणग्या उडत होत्या, शेजारणीच्या मुली कानात बोटं घालून बघत होत्या. मला उगाच वाटत होतं, हे आतून ओरडतील, अरे माझ्या दाराला काय करता.

कारण ते दार ह्यांनी स्वतः केलेलं होतं. सामरवरणीच्या सूत कंपनीत हे मेन्टेनन्सला होते, फिटर. घर बांधलं तेव्हा लाकडी दाराच्या पुढे लोखंडी जाळीचं दार हवं म्हणून सुट्टीच्या दिवशी पाईप आणून, कापून, ओळखीच्या वर्कशॉपात बसून जोडलं. पाईप घेतला बारीक, दिसायला बरा म्हणून. त्यात बाजारातलं जाडजूड कुलूप बसेना. मग एक अरुंद कुलूप कुठूनसं शोधून आणलं आणि त्याच्या मापाचा पत्र्याचा डबा करून पाईपाला वेल्ड केला. म्हणजे त्या डब्यात तेच कुलूप बसणार, दुसरं नाही.

त्या कुलपाबरोबर तीन चाव्या आल्या होत्या आणि घरात माणसंही तीनच होती. हे, मी आणि आमचा मुलगा. ह्यांनी सत्यनारायणाचा प्रसाद वाटावा तशा वाटल्या. "ज्याची त्यानं सांभाळायची. कुंडीखाली, मीटरच्या डब्यात, असले चाळे नकोत." चौथी करून घेतली नाही. मागून कोणाला लागेल असं आमच्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मुलगा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. एकवीस वर्षांचा होता. ह्यांनी शब्द टाकून आपल्याच कंपनीत लावला होता. तीन महिने डबा घेऊन जायचा, यायचा. मग कळलं, महिनाभर तो कंपनीत जातच नव्हता, नदीच्या पुलावर बसून डबा खायचा. मशीनच्या आवाजानं डोकं फुटतं म्हणाला. ह्यांनी अंगणात, सगळ्या ओळीच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी तो एक बॅग घेऊन गेला. मी पोळ्या करत होते. "येतो," म्हणाला. आमच्यात जातो असं म्हणत नाहीत, येतो म्हणतात, म्हणून मी तव्यावरून मानही वर केली नाही. चावी त्याच्या खिशात होती.

पहिल्या वर्षी दोनदा त्याचा फोन आला. फोन तेव्हा एकच, ह्यांच्या खिशात. ह्यांनी दोन्ही वेळा कापला. मग नाही आला. कोणी म्हणालं पुण्याकडे बघितला, कोणी म्हणालं कुठल्याशा हॉटेलात आहे. मी मात्र एक धरून ठेवलं होतं, की चावी त्याच्याकडे आहे. माणसानं रागानं घर सोडलं, तर चावी तोंडावर फेकून जातो. ह्यानं नेली. रोज संध्याकाळी लोखंडी दार ओढून घेताना मी मनात म्हणायची, हे मी लावतेय ते चोरासाठी. तुझ्यासाठी नाही.

तर आता तुमच्या लक्षात आलं असेल, मला कुलूप नको होतं, मला तेच कुलूप हवं होतं. त्याच्या खिशातल्या चावीनं उघडणारं.

शेजारणीला हे काय सांगणार. ती म्हणाली, "काकी, आता तो बोटवाला लॉक लावा. अंगठो लगाड्यो, खुली गयुं." मी म्हटलं, "माझ्या अंगठ्यावर रेषा तरी राहिल्यात का, भांडी घासून घासून."

कापलेलं कुलूप डब्यातच अडकून होतं. चारही स्क्रू गंजलेले. म्हणून मी कॅलेंडरचं एक पान घेतलं, कुलपावर धरलं आणि पेन्सिल घासून त्याचा छाप घेतला. चावीचं भोक, स्क्रूची भोकं, कापलेली जीभ, सगळं नीट उमटलं. शिक्षण माझं चौथीपर्यंत, पण मापात मी कधी चुकत नाही, ब्लाऊज शिवून संसाराला हातभार लावलेला आहे. दाराला साखळी गुंडाळली, तिला एक छोटं कुलूप लावलं आणि बाजारात गेले.

हार्डवेअरवाल्यानं पान उलटसुलट बघितलं. "माजी, हे लेफ्टनं के राइटनं?"

"हे काय, जीभ इकडे आहे ना."

"इकडे म्हणजे? बाहेर उभं राहून के आत उभं राहून?"

"आत," मी म्हटलं. "बाहेर उभी राहून मी काय करणार?"

गल्ल्यावर त्याचा म्हातारा बाप बसला होता, तो हसला. म्हणाला, "बायका सगळ्या आतून माप आणतात. मग कुलूप उलटं जातं नि शिव्या आम्ही खातो. दार नेहमी बाहेरून बघायचं, बेन."

मलाही हसू आलं. पंचवीस वर्षं ते दार माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि ते बाहेरून कसं दिसतं हे मला खरोखर आठवेना.

त्यानं सहासात कुलपं काढून ठेवली. सगळी रुंद, सगळी चकचकीत. आमच्या डब्याच्या मापाचं एकही नाही. "आ माल हवे नथी आवतो," तो म्हणाला. ही जात बंद झाली. डबा कापून टाका, दुसरा वेल्ड करा, नवीन बसवून देतो.

"अगदी असंच मिळालं, तर जुनी चावी लागेल ना त्याला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "माजी, कुलूप सेम असलं तरी चावी दरेकनी जुदी. नाहीतर तुमच्या चावीनं मारुं घर पण उघडेल."

बघा, एवढी साधी गोष्ट. पण मला तोवर वाटत होतं, तेच कुलूप म्हणजे तीच चावी. दुकानाच्या पायऱ्या उतरले. रस्त्यापलीकडे उसाचा रस काढत होते, एरवी मी घेतला असता.

म्हाताऱ्यानं मागून हाक मारली. "बेन, जुन्या बाजारात झाडाखाली चावीवाला बसतो. कुलूप काढून त्याच्याकडे घेऊन जा. आतला सामान तो ह्यातला त्यात करतो."

मग दोन दिवस स्क्रूवर तेल सोडत बसले. तिसऱ्या दिवशी वेल्डर येऊन काढून देऊन गेला. कुलूप रुमालात बांधलं. हातात घेतलं तर केवढं जड. बरोबर माझी चावी घेतली. देवघराशेजारी खिळ्याला ह्यांची होती, तीही घेतली. का कोण जाणे, त्यांची चावी हलवायची म्हणून नमस्कार करून काढली.

चावीवाला माझ्याच वयाचा. पुढ्यात लाकडी पेटी, तारेत ओवलेल्या शेकडो चाव्या. त्यानं कुलूप हातात घेऊन एकदाच फिरवलं. "माताजी, ये तो पुराना माल है. आज कोई नहीं बनाता." पेटीखालचा पत्र्याचा डबा ओढला, त्यात हात घालून खूप वेळ खडखडवलं आणि एक तसंच कुलूप वर काढलं. रंग उडालेला, पण माप तेच. मी माझ्याच्या शेजारी ठेवून बघितलं. भोकाला भोक लागलं.

"मग माझ्या ह्या चावीनं उघडेल?"

"क्यों नहीं. आपके ताले का लीवर निकालके इसमें डाल दूँगा. जितनी चाबी पुरानी है, सब चलेगी."

सगळ्या चालतील. मी त्याच्या शेजारी फरशीच्या तुकड्यावर बसले आणि वर्षभरात पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. त्याला म्हटलं, "करा भाऊ सावकाश. मला घाई नाही."

त्यानं पाठीमागचा पत्रा खोलला. आत पितळेच्या पातळ पट्ट्या, त्याचे ते लीवर, एकीवर एक, सहा. चावीचा एकेक दात एकेक पट्टी आपल्या उंचीला उचलतो, सगळ्या बरोबर उचलल्या गेल्या की जीभ सरकते, असं त्यानं मला समजावलं. मग चिमट्यानं आतून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाच्या दाण्याएवढा लोखंडाचा तुकडा.

"यही फँसा था. चाबी का दाँत है. आपकी चाबी टूटी है?"

मी माझी दाखवली. अख्खी. ह्यांची दाखवली. तीही अख्खी.

"तो तीसरी किसकी है?"

मी मूठ मिटली. तो बोलतच होता. "जबरदस्ती घुमाया है किसी ने. लेकिन उसका भी क्या कसूर, ताला तो बदला हुआ है." त्यानं पट्ट्या पत्त्यांसारख्या पसरून दाखवल्या. कंपनीनं प्रत्येकीवर आकडा ठोकलेला. एक, दोन, पाच, चार, तीन, सहा. "ये देखिए. तीन और पाँच की अदला-बदली की है. किसी जानकार आदमी का काम है, एक खरोंच तक नहीं. इसके बाद पहले वाली चाबी अंदर जाएगी, पर घूमेगी नहीं."

जाणकार माणूस.

मला तो दिवस आठवला. मुलगा जाऊन महिनाही झाला नव्हता. ह्यांची सुट्टी होती. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून हे कुलूप खोलून बसले होते, शेजारी तेलाची बाटली. मी चहा ठेवला. म्हटलं, "काय झालं त्याला?" म्हणाले, "चावी झिजलीय. नवीन केली. तुझी जुनी दे इकडे." मी कनवटीची काढून दिली, त्यांनी नवी दिली. नवी जरा कडक फिरायची, मग सवय झाली. दोनच चाव्या केल्या होत्या त्यांनी. मी तेव्हाही मोजल्या नाहीत.

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी संध्याकाळी दार लावताना मनात जे म्हणत होते, ते खोटं होतं आणि मला ठाऊक नव्हतं. ह्यांना ठाऊक होतं. दहा वर्षं माझ्या शेजारी बसून जेवत होते.

आणखी एक आठवलं, तेही त्या चावीवाल्याच्या शेजारी बसल्याबसल्याच. शेवटच्या महिन्यात हे खाटेवर होते, बोलणं कमी झालेलं. एका दुपारी म्हणाले, "ते कुलूप एकदा उघडून बघायला पाहिजे." मी म्हटलं, "चांगलं आहे की, लोण्यासारखं फिरतंय." ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वेल्डरला नको सांगू. मीच बसेन." मी औषधाचा चमचा पुढे केला आणि म्हटलं, "आधी बरे व्हा." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आता काय समजायचं, ते तुम्हीच सांगा. मी त्यांच्यावर रागावायचं ठरवते आणि ते भिंतीकडे वळलेलं तोंड आडवं येतं.

"माताजी," चावीवाला म्हणाला, "कैसे बिठाऊँ? जैसा है वैसा, या जैसा पहले था?"

"पहले था वैसा."

"फिर ये दोनों चाबी बेकार हो जाएगी. और वो तीसरी तो टूटी हुई है."

"नवीन करा," मी म्हटलं. "तीन."

तो कानशीनं चाव्या घासत बसला. मी तो दात मुठीत धरून बसले. लहान होता, पण टोचत होता.

घरी आले ती थेट शेजारणीकडे. ती भेंडी चिरत होती. मी विचारलं, "तो बँकवाला कोणत्या दिवशी आला होता?"

तिनं सुरी थांबवली. "गुरुवारे, दुपारी. मुलींची परीक्षा होती, म्हणून याद आहे."

गुरुवारी ह्यांचं श्राद्ध होतं. त्या वेळी मी गावी पत्रावळीपाशी बसून कावळ्याची वाट बघत होते.

"त्यानं काय विचारलं, मला सगळं सांग."

"काही नाही काकी. मी सांगितलं, काकी गावाला गेल्यात, काकांचं वरस छे. तो म्हणाला, काकांचं? मी म्हटलं, हां, गया वरसे गुजरी गया. मग तो तुमच्या पायरीवर बसला. मला वाटलं, चक्कर आली. पाणी दिलं. प्यायला." ती आठवत होती. "बँकवाला नव्हता का? बॅग हती ने, म्हणून वाटलं."

"पुन्हा येतो म्हणाला?"

"येतो म्हणाला. पुन्हा असं नाही म्हणाला." मग तिला काहीतरी सुचलं तशी म्हणाली, "पण संस्कारी माणूस, काकी. ग्लास परत देताना नळावर धुतला. आणि ह्या कठड्यावर उपडा ठेवला. आपल्याकडे पुरुष असं कोण करतो?"

आमच्याकडे करायचे. ह्यांचा नियमच होता तो, ज्यानं त्यानं आपला पेला धुऊन उपडा ठेवायचा. मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून बादलीपाशी उकिडवा बसून धुवायचा.

मी तिथेच तिच्या स्वयंपाकघरात खाली बसले. ती घाबरली, पंखा वाढवला. मी तिला सगळं सांगितलं. मला मुलगा आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं शेजारी राहून मी तिला सांगितलं नव्हतं, आणि म्हणून तिनं त्याला थांबवलं नव्हतं. तिचा काही दोष नाही. ती रडायला लागली, तर मीच तिला म्हटलं, भेंडी काळी पडेल, आधी फोडणीला टाक.

रात्री गावी दिराला फोन लावून विचारलं. तिकडे कोणी आलं नव्हतं.

वेल्डरनं दुसऱ्या दिवशी कुलूप बसवलं. छान बसलं. मी मुद्दाम बाहेर उभी राहिले आणि बाहेरून चावी फिरवून बघितली. बाहेरून ते दार फार बंद दिसतं. दुपारच्या उन्हात, हातात बॅग घेऊन, जुनी चावी घालून फिरवणाऱ्याला काय वाटलं असेल, ते मला कळलं. त्याला वाटलं असेल, ह्यांनी कुलूप बदललं. आधी तेच वाटलं असेल. आणि मग शेजारणीनं सांगितल्यावर, की वडील वर्षापूर्वीच गेले, त्याला वाटलं असेल, म्हणजे आईनं बदललं. हे मला सहन होत नाही. बाकी सगळं मी सोसलं असतं.

तिसरी चावी मी शेजारणीकडे दिली. म्हटलं, "मी असेन नसेन. तो आला, तर हातात ठेव आणि आत बसव."

"कसा दिसतो, काकी? म्हणजे चुकून दुसऱ्याला नको."

मी सांगायला लागले. अंगानं किरकोळ, दाट कुरळे केस, उजव्या भुवईपाशी खूण, पत्र्यावर पडला होता.

ती ऐकत होती, मान हलवत होती. मग हळूच म्हणाली, "खूण मला नाही दिसली. पण किरकोळ नव्हता, काकी. भरलेला. केस पुढून गेलेले. दाढीत सफेद."

मग माझ्या लक्षात आलं, की त्याचा चेहरा आता हिलाच ठाऊक आहे. मला नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला असता, तर मीही विचारलं असतं, बँकेतून आलात का.

चार महिने झाले. दुपारी मी लोखंडी दार लावत नाही, शेजारीण ओरडते, तरी लावत नाही. संध्याकाळी ती भाजी निवडायला माझ्या पायरीवर येऊन बसते. इकडचं तिकडचं बोलून झालं की मी तिला विचारते, शर्ट कोणत्या रंगाचा होता म्हणालीस. ती कंटाळत नाही. "भुरा," म्हणजे निळा, म्हणते. बाह्या दुमडलेल्या. पाणी एका दमात नाही प्यायला, थांबून थांबून प्यायला. मी ऐकून घेते. मग ती उठते, आपल्या घरी जाते, आणि मी दार ओढून घेते.